वायूंची गणितं करताना या चुका टाळा

अकरावीच्या वह्या तपासताना ही चूक दरवर्षी हमखास सापडते. २७ अंश सेल्सिअसला वायूचं आकारमान २ लिटर. दाब तोच ठेवून तापमान ५४ अंश केलं तर आकारमान किती? निम्मा वर्ग ४ लिटर लिहून मोकळा होतो. पण तापमान दुप्पट झालंय कुठे? केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून मोजलं, तर ३०० चं ३२७ झालं, उत्तर २.१८ लिटर. शून्य अंश सेल्सिअस ही पाणी गोठण्याची खूण, वायूला तिचं काही सोयरसुतक नाही. मी गणित वाचता वाचताच तापमानाशेजारी पेन्सिलने केल्व्हिनचा आकडा लिहून ठेवतो. सूत्र नंतर. पोरांना नेमकी सूत्राचीच घाई असते.

दुसरी चूक रस्त्यावरची. मे महिन्यात मेहुणे पुण्याहून कोल्हापूरला निघाले. सकाळी चाकांत ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं एकक) हवा भरलेली. भर उन्हात कराडजवळ पाहिलं तर गेज ३७ दाखवतोय. ‘हवा जास्त झाली’ म्हणून त्यांनी चारही चाकांतली सोडून परत ३२ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच चाकं २८ वर! मला फोन आला, “पंक्चर म्हणावं तर चारही?” मी कागद घेतला. गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. खऱ्या दाबासाठी त्यात सुमारे १४.७ मिळवावे लागतात. ३२ चे झाले ४६.७. चाक २७ अंशांवरून ५७ वर गेलं असेल, तर ३०० चे ३३० केल्व्हिन, म्हणजे दाब दहा टक्के वाढून ५१.४. त्यातून १४.७ वजा केले की ३७ च्या आसपास. हवा जास्त झालीच नव्हती, तापली होती. गरम चाकातली हवा कधीही सोडू नका. निघण्याआधी, गार चाकाची मोजा. कमी हवेचं चाक जास्त दबतं, त्याने आणखी तापतं, आणि भर वेगात फुटतं. मला याची खरोखर धास्ती वाटते.

बाकीच्या थोडक्यात. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरणं बॉईलच्या नियमात (वायू आणि तापमान तेवढंच असताना दाब दुप्पट तर आकारमान निम्मं) बसवू नका. तिथे आतला वायूच वाढत असतो. ग्रॅमचे आधी मोल (वायूतले कण मोजायचं एकक) करा. वायू स्थिरांक, म्हणजे PV = nRT मधला R, ०.०८२१ घेतला तर लिटर आणि ॲटमॉस्फिअर, ८.३१४ घेतला तर घनमीटर आणि पास्कल. ‘एकक शेवटी बदलू’ म्हणणारा शेवटी विसरतोच.

आणि दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो हे सांगायला कुकरचं उदाहरण देऊ नका. पाणी उकळल्यापासून शिट्टीपर्यंत आतलं तापमान १०० वरून साधारण १२० अंशांवर जातं, म्हणजे ३७३ चे ३९३ केल्व्हिन, जेमतेम पाच टक्के. दाब मात्र जवळजवळ दुप्पट होतो, कारण तळाच्या पाण्याची नवी वाफ सतत त्यात येऊन मिसळत असते.