मन कोणत्या काळात राहतं ते कसं ओळखावं, आणि थोडं कसं सरकवावं

माणसाचं काळाशी कसं जमतं हे नागपुरात कूलरवरून कळतं. कुणी फेब्रुवारीतच टाकी खरवडून, खसाच्या ताट्या बदलून, मोटर चालवून पाहून मोकळा होतो. कुणी पारा ४३ वर गेल्यावर दुकानात धावतो. कुणी म्हणतो, "ऊन तं पडनच, कूलर लावून का होते?" चौथ्याला ओल्या खसाच्या वासानं गच्चीवरची झोप आणि माठाचं पाणी आठवतं. पाचव्याला आठवते ती मागच्या मे महिन्यात जळालेली मोटर आणि त्यावरून घरात झालेलं भांडण.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ मध्ये ५६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत हेच पाच कल मोजले जातात: भविष्याची आखणी, आजचं सुख, आजची हतबलता, गोड भूतकाळ आणि कडू भूतकाळ. पाचही प्रत्येकात असतात, प्रमाण तेवढं वेगळं. त्याआधी १९६८ मध्ये मान, सिग्लर आणि ऑस्मंड यांनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या चार व्यक्तिप्रकारांना एकेक काळ वाटून दिला होता. भावनाप्रधान माणूस भूतकाळात, संवेदनाप्रधान वर्तमानात, अंतर्ज्ञानी भविष्यात, आणि विचारप्रधान तिन्हींना जोडणाऱ्या रेषेवर. मांडणी देखणी आहे, पण कप्प्यात बसला की माणूस "मी असाच आहे" म्हणून हात झटकतो. कल मोजलेला बरा, तो सरकवता येतो.

आधी सात दिवस नोंद

फोनवर रोज तीन गजर लावा, पण दररोज वेळ बदला: आज ११.२०, ४.१०, ८.४५, उद्या वेगळ्या. वेळ ठरलेली असली की मन आधीच सावरून बसतं. गजर वाजला त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा आणि पुढे खूण करा: मागे, आज किंवा पुढे, आणि त्यासोबत बरं की कडू. आठवड्याच्या २१ नोंदी होतात.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, रात्री बसून तिन्ही नोंदी एकदम भरणं. त्या वेळच्या मूडचा रंग मग सगळ्या दिवसाला लागतो. दोन, निकालाचा, लग्नघराचा किंवा दिवाळीचा आठवडा निवडणं. तेव्हा कल नाही, प्रसंग मोजला जातो. "पुढे" लिहिताना आखणी आणि धास्ती वेगळ्या ठेवा. "शुक्रवारी बिल भरायचं" ही आखणी, "नोकरी गेली तर" ही धास्ती. मूळ प्रश्नावलीत ही धास्ती नीट पकडली जात नाही, म्हणून पुढे स्वीडनमध्ये नकारात्मक भविष्याची वेगळी पट्टी जोडली गेली.

सोबत जिभेवरची वाक्यं ऐका. "पाहून घेऊ ना बे" आणि "जे होईन ते होईन" वरवर सारखीच वाटतात, पण पहिल्यात मजा आहे, दुसऱ्यात हात टेकलेले आहेत. "काहून घाई करून राहिला?" हे आपण कुणाला दिवसातून किती वेळा ऐकवतो, तेही मोजा.

२१ पैकी ११ किंवा जास्त नोंदी एकाच खुणेत (जसं "मागे, कडू" म्हणजे कडू भूतकाळ) आल्या तर तिथे कल आहे असं धरा. हा कामचलाऊ ठोकताळा आहे, निदान नव्हे. पूर्ण प्रश्नावली भरलीत तर पाच सरासऱ्या वेगवेगळ्या काढा, त्यांची एकत्र बेरीज निरर्थक असते. काही विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात, ते विसरलं की चित्रच उलटं दिसतं. झिम्बार्डोंच्या मते बरा मेळ असा: गोड भूतकाळ भरपूर, भविष्य आणि आजचं सुख बऱ्यापैकी, कडू भूतकाळ आणि हतबलता कमी.

आता एकच कल निवडा आणि तीन आठवडे त्यावरच काम करा. दोन एकदम घेतले की दोन्ही सुटतात.

कडू भूतकाळ

इथे सर्वाधिक वेळ द्यावा लागतो, आणि "विसरून जा" हा सल्ला सर्वात निकामी. मनात घोळणारा प्रश्न बहुतेक "माझ्यासोबतच काहून?" असा असतो. त्याला उत्तर नसतं, म्हणून तो फिरत राहतो. त्याऐवजी काय, कुठे, कुणी, किती वाजता असे ठोस प्रश्न घ्या. "सगळ्यांनी मला फसवलं" याच्या जागी "त्या दिवशी वाटणीच्या कागदावर सही करताना मी रक्कम विचारली नाही" असं वाक्य आलं की गोष्टीला सुरुवात आणि शेवट मिळतो.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये वापरलेली लेखनाची पद्धत साधी आहे: लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, एकाच कठीण प्रसंगाबद्दल, काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही. शुद्धलेखन पाहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लिहून उठल्यावर त्या दिवशी मन जडच होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी सोडून देणारे पुष्कळ. झोपण्याआधी लिहू नका, आणि घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर तूर्त थांबा. कागद पुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत (नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा) "घेऊन जा गे" म्हणत जाळायचे असतील तर जाळा, मात्र न लिहिता नुसतं जाळून काही हलत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, काम बिघडलं असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कधीही लागतो.

हतबलता

अशा माणसाला पाच वर्षांचं ध्येय लिहायला लावणं ही हमखास चूक. आपण केल्यानं काही बदलतं, हाच अनुभव त्याच्याकडे कमी असतो. म्हणून फळ ४८ तासांत दिसेल एवढंच काम द्या: एका ताटीची बदली, अडलेल्या एका अर्जाची चौकशी. ते "जेव्हा अमुक, तेव्हा तमुक" या साच्यात लिहा: "शनिवारी चहा झाला की लगेच जुनी ताटी काढेन." पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेला हा साचा वेळ आणि जागा आधीच ठरवतो, त्यामुळे ऐन वेळी मनाला वाद घालायला वाव राहत नाही. आणि रोजच्या मजुरीवर ज्याचं घर चालतं तो आजपुरतं पाहतो, हा स्वभावदोष नव्हे. तिथे आधी मिळकतीची खात्री हवी, सल्ला नंतर.

आजचं सुख

यांना भाषण देऊ नका, आज आणि पुढचा फायदा यांतलं अंतर कमी करा. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता आपोआप कापला जाईल असं करा, इच्छाशक्तीवर सोडू नका. फुटाळा तलावावर एकट्यानं चालण्याचा बेत चार दिवस टिकतो. तर्री पोह्यावाल्यापाशी भेटणारा मित्र सोबत घेतला तर जास्त टिकतो, आणि पोहे हरकत नाही.

भविष्य

समाजात यांचंच कौतुक होतं, त्यामुळे त्यांना आपलं काही चुकतं असं वाटतच नाही. मात्र वेळेचे अंदाज त्यांचेही फसतात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३३.९ दिवस लागतील असं सांगितलं, लागले ५५.५. कारण आपण पुढचं चित्र रंगवतो, मागचा हिशेब काढत नाही. म्हणून "किती लागेल?" असं नाही, "मागच्या तीन वेळा किती लागले?" असं विचारा. आठवड्यातून दोन तास बिनकामाचे ठेवा, आणि त्यात पावलं मोजू नका. हे लोक विश्रांतीलाही उद्दिष्ट लावतात. धास्ती असेल तर रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ३० मिनिटं फक्त चिंता करा. एरवी आली तर चिठ्ठीवर टिपून त्या वेळेसाठी ठेवा.

गोड भूतकाळाला सहसा हात लावू नये. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, हे काका प्रत्येक पंगतीत सांगत असतील तर सांगू द्या. अडचण निर्णयाच्या वेळी येते, जुनं घर पाडायचं की ठेवायचं अशा वेळी.

तेव्हा बैठकीचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यांत आधी काकांना विचारा: या घरातलं काय टिकायलाच हवं? उत्तर लिहून घ्या, वाद घालू नका. मग आखणीवाल्याला तारखा आणि रक्कम मांडू द्या. "पाहून घेऊ" म्हणणाऱ्याला शेवटी याच आठवड्यातलं एक काम द्या, जसं मोजणीसाठी माणूस बोलावणं. तारखांनी सुरुवात केली तर काका पहिल्या पाच मिनिटांत उठून जातात, आणि बैठक मग महिनाभर पुन्हा भरत नाही.