पद्मिनी उघडण्याआधी

वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला काढली तेव्हा मी आधी इंजिन उतरवलं. चूक. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन, जुना मिस्त्री डोळे मिटून बांधतो. पैसा खातो तो पत्रा.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून पहिल्या दिवशी मॅटिंग उचला, जमिनीचा पत्रा आणि दारांखालचे उंबरे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आमच्याकडे ड्रायव्हरच्या पायाखाली तो आरपार गेला, खालची फरशी दिसली! मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बाहेरून फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे.

त्याहीआधी आरसी बुक. चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं. ते थकलं असेल तर तो खर्चही धरा.

सुटे भाग सोडवताना फोटो काढा, नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यांत ठेवा. क्रोमच्या पट्ट्या, काचांची रबरं आधी शोधा. कुर्ल्याच्या स्पेअर बाजारात चार फेऱ्या धरूनच चाला. (गाडी तिथलीच, कुर्ल्याच्या कारखान्यातली.)

क्रम असा: पत्रा, इंजिन-ब्रेक, वायरिंग, रंग, सगळ्यात शेवटी सीटकव्हर. गॅरेजवाला जो आकडा सांगेल त्याच्या दीडपट बाजूला ठेवा. आणि तारीख? ती घरी सांगूच नका.