आपली बातमी कुठवर पोचली ते कसं मोजायचं

मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या धायरीत पाण्याच्या टँकरच्या दरांवर बातमी केली होती, व्ह्यूज अगदीच कमी आले, डेस्कवर कोणी विषयही काढला नाही. आठवड्याने तिथल्या एका सोसायटीत गेले तर लिफ्टशेजारच्या बोर्डावर त्याच बातमीची प्रिंट लावलेली, दराच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ, आणि सेक्रेटरींनी लिहिलेलं की यापेक्षा जास्त मागितले तर कळवा. हे कुठल्या डॅशबोर्डवर दिसणार? तेव्हापासून मी जे करते ते सांगते.

सगळ्यात आधी व्हॉट्सॲप. आपला बराचसा वाचक तिथूनच येतो, पण ग्रुपमधली लिंक उघडून आलेला माणूस गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवरचे वाचक मोजणारं टूल) बरेचदा 'डायरेक्ट'मध्ये जाऊन पडतो, मग तो आला कुठून ते कळतच नाही. म्हणून लिंक पाठवायच्या आधी तिला यूटीएम टॅग लावा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द लिंकच्या शेवटी जोडा, सोर्समध्ये व्हॉट्सॲप, मीडियममध्ये ग्रुप, कॅम्पेनमध्ये बातमीचं छोटं नाव. गूगलचा कॅम्पेन यूआरएल बिल्डर फुकट आहे, रकाने भरले की लिंक तयार. स्पेलिंग कायम एकच आणि सगळं स्मॉल लेटर्समध्ये ठेवा, कारण एक अक्षर जरी कॅपिटल पडलं तरी तो वेगळा सोर्स धरला जातो आणि महिनाअखेरीला बेरजा करत बसावं लागतं.

मग बातमी वाचली किती जणांनी ते बघा. जीए4 मध्ये, म्हणजे सध्याच्या गूगल ॲनालिटिक्समध्ये, 10 सेकंदांपेक्षा जास्त थांबलेला माणूसही 'एंगेज्ड' धरला जातो, आता 10 सेकंदांत कोण काय वाचणार! त्यापेक्षा स्क्रोल इव्हेंट बघा, म्हणजे पान खाली सरकवल्याची नोंद, ती पान 90 टक्के खाली गेल्यावर होते. पण बातमीखाली इतर बातम्यांची लांबलचक रांग असेल तर पूर्ण वाचणाराही तिथवर जात नाही, तेव्हा टेक टीमला सांगून बातमी संपते तिथेच वेगळा इव्हेंट लावून घ्या. आणि हो, डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा किती काळ साठवायचा ते, मुळात 2 महिन्यांवर असतं, सेटिंगमध्ये जाऊन आजच 14 महिने करा.

गूगलचं सर्च कन्सोलही उघडत जा, आपली बातमी गूगलवर दिसली तेव्हा लोकांनी नेमकं काय टाईप केलं होतं ते तिथे दिसतं, आणि 16 महिन्यांपर्यंतचं.

पण खरं काम साध्या शीटमध्ये होतं. तारीख, बातमी, काय घडलं, पुरावा, एवढेच रकाने. वाचकाचा फोन, दुसऱ्या पेपरने केलेला फॉलोअप, सभेत झालेला उल्लेख, सगळं लगेच टाका, फोटो किंवा स्क्रीनशॉटसकट. बदल आपल्याच बातमीमुळे झाला असं ठोकून देऊ नका, आधी काय होतं, नंतर काय झालं आणि कधी, एवढंच लिहा. 7, 30 आणि 90 दिवसांचा रिमाइंडर लावा आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन या.

टँकरच्या बातमीची 90 दिवसांची नोंद करायला गेले तेव्हा प्रिंट बोर्डावरच होती, फक्त दर खोडून शेजारी नवा, वाढलेला आकडा लिहिलेला. तीच पुढची बातमी झाली, शीटमध्ये त्याच ओळीखाली.