परतावा चुकला? ‘रिव्हाइज्ड रिटर्न’ला हात लावण्याआधी हे वाचा

प्राप्तिकराचा परतावा कमी आला किंवा परताव्याऐवजी आणखी कर भरायची मागणीच निघाली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘रिव्हाइज्ड रिटर्न भरून टाक.’ बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सुधारित विवरणपत्र तुमची स्वतःची चूक निस्तरण्यासाठी आहे. तुमचे आकडे बरोबर असतील आणि गडबड विभागाच्या हिशेबात झाली असेल, तर तेच आकडे पुन्हा भरून काय साधणार? विभागाच्या चुकीसाठी वेगळा रस्ता आहे: प्राप्तिकर कायद्याच्या कलम १५४ खालची दुरुस्ती, म्हणजे विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरचं ‘रेक्टिफिकेशन’.

चूक नेमकी कुणाची?

बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडून विवरणपत्र तपासून झालं की कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून आठ अंकी जन्मतारीख. सूचना उघडली की शेवटच्या आकड्यावर डोळे खिळवून बसू नका. तिच्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आणि दुसरा विभागाने काढलेल्या. वरून खाली एकेक ओळ जुळवत या. दोन्ही आकडे जिथे पहिल्यांदा वेगळे होतात ती ओळ पकडा. खालचे बरेचसे फरक तिचीच पिलावळ असतात.

फरक टीडीएसच्या, म्हणजे पगार-व्याजातून आधीच कापलेल्या कराच्या ओळीत असेल तर २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा काढा. रक्कम तिथे आहे, तुमच्या विवरणपत्रात टॅनही (कर कापणाऱ्याचा क्रमांक) बरोबर आहे आणि तरी श्रेय मिळालं नाही, तर पुढे लढायला तुमची बाजू भक्कम आहे. २६एएसमध्येच रक्कम नसेल तर विभागाशी भांडून काही निघणार नाही. कर कापणाऱ्याने तो भरला नाही किंवा तुमच्या पॅनवर दाखवला नाही, असा त्याचा अर्थ. त्याला त्याचं टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करायला लावा. तो दाद देत नसेल तर कलम २०५ लक्षात ठेवा: एकदा कापला गेलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र कापल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो, म्हणून पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे फेकू नका.

पगाराच्या थकबाकीवरची कलम ८९ ची सवलत नाकारली गेली असेल, तर तक्रार करण्याआधी बघा की फॉर्म १०ई विवरणपत्राआधी भरला होता का. नसेल तर ही चूक विभागाच्या माथी मारता येणार नाही.

मागणीला उत्तर द्या, पण तेवढ्यावर थांबू नका

जुनी बाकी दाखवून यंदाचा परतावा वळता करून घ्यायचा असेल तर विभाग कलम २४५ ची सूचना पाठवतो. उत्तराला २१ दिवस मिळतात. गप्प राहिलात तर रक्कम वळती होते. ‘पेंडिंग ॲक्शन्स’खाली ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ असतं, उत्तर तिथेच द्यायचं. ‘डिमांड इज करेक्ट’ हा पर्याय केवळ कटकट मिटावी म्हणून निवडू नका. एकदा मान्य केलंत की नंतर असहमती नोंदवता येत नाही. आणि असहमती नोंदवली म्हणजे मागणी रद्द झाली, असंही नाही. ती रद्द होते दुरुस्तीच्या आदेशाने. दोन्ही कामं करायची असतात, आणि लोक पहिलं करून निर्धास्त होतात.

दुरुस्तीचा अर्ज: खरी मेख इथे आहे

‘सर्व्हिसेस’मधून ‘रेक्टिफिकेशन’ उघडलं की पर्यायांची यादी समोर येते. पहिल्या खेपेला मीही इथे बराच वेळ अडकलो होतो, कारण नावं वाचून कधी काय निवडायचं याचा काही बोध होत नाही.

‘रीप्रोसेस द रिटर्न’ म्हणजे माझं विवरणपत्र जसं आहे तसंच बरोबर आहे, पुन्हा तपासा. यात नवा आकडा भरायचा नसतो. चूक विभागाचीच असेल तर हाच पर्याय. ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच करेक्शन’ तेव्हा, जेव्हा कराच्या तपशिलात तुमच्याकडून टॅन, चलनाचा क्रमांक किंवा रक्कम चुकली आहे. ‘रिटर्न डेटा करेक्शन’मध्ये आकडे पुन्हा भरावे लागतात, म्हणून गरज नसताना त्याच्या वाटेला जाऊ नका. राहून गेलेली वजावट इथून घुसडायचा सल्ला कुणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा. नव्या दाव्यांसाठी दुरुस्ती नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घाई करू नका. कापणाऱ्याने सांगितलं की ‘आम्ही टीडीएस दुरुस्त केलाय’, की लोक त्याच संध्याकाळी रीप्रोसेसचं बटण दाबतात. २६एएसमध्ये रक्कम अजून उमटलेली नसते, त्यामुळे जुन्याच माहितीवर जुनाच निकाल येतो. शिवाय एक अर्ज प्रलंबित असताना त्याच वर्षासाठी दुसरा करता येत नाही, म्हणजे तोवर तुम्ही हात बांधून बसलेले. २६एएसमध्ये रक्कम स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ते पान उतरवून ठेवा आणि मगच अर्ज करा. वेळ भरपूर आहे: ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षं.

अर्ज ज्या महिन्यात मिळाला तो संपल्यापासून सहा महिन्यांत निकाल देणं कायद्याने बंधनकारक आहे. तेवढ्यात काही हललं नाही तर पोर्टलवरच्या ‘ग्रीव्हन्सेस’मध्ये तक्रार टाका. तक्रार चार ओळींची ठेवा: आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष), सूचनेची तारीख, कोणती ओळ चुकली, योग्य आकडा किती. कैफियत कुणी वाचत नाही.

दुरुस्तीचा हक्क निर्धारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमचा कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेल्याचं पोर्टलवर दिसलं तर प्रक्रिया केंद्राकडे केलेल्या अर्जाचा उपयोग नाही. आपला अधिकारी कोण ते पोर्टलवर शोधा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पैसे आल्यावर

व्याज तपासा. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर टीडीएसच्या परताव्यावर आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का मिळतं, म्हणजे ४०,००० रुपयांवर महिन्याला २००. परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. मिळालेलं व्याज पुढच्या विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवा.

परतावा मंजूर होऊनही खात्यात आला नाही तर बँक खातं पोर्टलवर ‘व्हॅलिडेट’ (पडताळणी) करून ‘रिफंड रीइश्यू’ मागा.

हिशेबापेक्षा जास्त परतावा आला तर खुशीत खर्च करू नका. पुढे आकारणीत तो जास्तीचा ठरला तर कलम २३४डी खाली व्याजासकट परत द्यावा लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून वर दिलेली कलमं जुनी समजून अर्जातून खोडू नका. आणि मुद्दा साध्या हिशेबाचा नसून कायद्याच्या अर्थाचा असेल, तर दुरुस्तीची वाट बघत बसू नका. अपिलाची मुदत सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे, आणि दुरुस्तीचा अर्ज केला म्हणून ती थांबत नाही.