नावडतं गीत वगळण्याआधी: मॉर्मन उपासनेसाठी गीतं कशी निवडावीत

युटातल्या एखाद्या वॉर्डात (मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ; ते लोक आपल्या स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात) गीतं निवडायची जबाबदारी अंगावर आली की दोन फर्माइशी हमखास येतात. 'द स्पिरिट ऑफ गॉड' पुन्हा घ्या, ही एक. ते लांबलचक गीत मात्र नको, ही दुसरी. दोन्ही ऐकून घ्या, पण लगेच कशावर काट मारू नका. बरीचशी गीतं मुळात वाईट नसतात. ती रेंगाळत वाजवली जातात, भलत्या कडव्यावर तोडली जातात किंवा सकाळी नऊच्या सभेला न झेपणाऱ्या पट्टीत गायली जातात, आणि मग लोकांच्या मनातून उतरतात. हे तिन्ही दोष सुधारता येतात.

आधी वर्षाचा हिशोब मांडा. एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या जनरल कॉन्फरन्सचे (सगळ्या पंथाच्या अधिवेशनाचे) दोन रविवार आणि स्टेक कॉन्फरन्सचे (स्टेक म्हणजे काही वॉर्डांचा गट) दोन वजा केले, तर सुमारे ४८ सभा उरतात. प्रत्येक सभेत सुरुवातीचं, प्रभुभोजनाचं आणि शेवटचं अशी तीन गीतं धरली तर १४४ जागा होतात. मध्ये चौथं गीत घेतलंत तर त्याहून जास्त. १९८५च्या गीतपुस्तकात ३४१ गीतं आहेत, तरी बहुतेक वॉर्डांत फिरूनफिरून तीच ती येतात. म्हणून एक वही ठेवा: तारीख, गीताचा क्रमांक, किती कडवी झाली आणि लोक कसे गायले. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं.

आवडनिवड विचारायची तर चिठ्ठीवर विचारा. तीन आवडती, दोन नावडती आणि पुढे कारण: शब्द, चाल, लांबी, गती की अतिवापर. कारणाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण 'लांबी' आणि 'गती' लिहिलेली गीतं वाचवता येतात. नावडत्यांची यादी मात्र जाहीर करू नका. एकाला कंटाळवाणं वाटणारं गीत दुसऱ्याच्या आईच्या अंत्यविधीला गायलेलं असतं.

आता गती, कारण खरी मेख इथेच आहे. ऑर्गनचा सूर पियानोसारखा विरत नाही. बोट दाबलेलं असेपर्यंत तो तसाच राहतो. वादक लोकांची वाट पाहतो, लोक वादकाची वाट पाहतात, आणि प्रत्येक कडवं आधीच्यापेक्षा जड होत जातं. पुस्तकात प्रत्येक गीताच्या वर मेट्रोनोमचा (ठेका मोजणाऱ्या यंत्राचा) किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो. फोनवरचा मेट्रोनोम मधल्या आकड्यावर लावून सराव करा. एकच सूर लागोपाठ येतो तिथे बोट क्षणभर उचलायचंच, नाहीतर दोन सूर एक होऊन ताल बुडतो. दोन कडव्यांमधला श्वास दर वेळी सारखाच ठेवा आणि सभेत फोनवर ध्वनिमुद्रण करा. शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा पाच-सहा सेकंद जास्त घेत असेल, तर दोष गीताचा नाही. ताल देणाऱ्याकडे वादकाने पाहायचं, गाणाऱ्यांच्या आवाजाकडे नाही.

लांबीची तक्रार सर्वात जास्त 'आय बिलीव्ह इन क्राइस्ट' या १३४ क्रमांकाच्या गीताबद्दल ऐकू येते. शब्द ब्रूस आर. मॅकॉन्की यांचे. आठ-आठ ओळींची चार कडवी, म्हणजे ३२ ओळी, आणि मध्ये विसाव्याला ध्रुवपदही नाही. एक कडवं ५० सेकंदांत झालं तर सुरुवातीच्या वादनासह साडेतीन मिनिटं लागतात. तेच ७० सेकंदांवर गेलं तर जवळजवळ पाच. साठ मिनिटांच्या सभेच्या अखेरीस, वक्ता लांबल्यावर, हे गीत ठेवूच नका. सुरुवातीला ठेवा, चपळ वाजवा आणि तिसरं कडवं फक्त स्त्रियांना किंवा फक्त पुरुषांना द्या. आमच्या मते ते वाईट गीत नाही, फक्त त्याला शेवटी टाकायची सवय वाईट आहे.

कडवी कापताना अर्थ पाहा. 'अ पुअर वेफेअरिंग मॅन ऑफ ग्रीफ' (२९) हे सात कडव्यांचं कथागीत आहे. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात, पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची हत्या होण्याच्या काही वेळ आधी, जॉन टेलर यांनी ते गायलं होतं. गीतातला अनोळखी दुःखी माणूस कोण, हे सातव्या कडव्यातच उलगडतं. तिसऱ्यावर थांबलात तर गोष्ट अधांतरी राहते. वेळ कमी असेल तर पहिलं, दुसरं आणि सातवं घ्या. वेळ असेल तर मधली कडवी एकल आवाजांना वाटून द्या आणि सातवं सगळ्यांनी मिळून गा.

'कम, कम, यी सेंट्स' (३०) विल्यम क्लेटन यांनी एप्रिल १८४६मध्ये, पश्चिमेकडच्या वाटेवर आयोवात लिहिलं. पायोनियर दिनाच्या (मॉर्मन लोक युटात पोहोचल्याच्या स्मरणदिनाच्या), म्हणजे २४ जुलैच्या आसपासच्या रविवारी ते सर्वांना हवंच असतं. तरी अनेक जण तीन कडव्यांवर थांबवतात. चौथं कडवं वाटेत मरण आलं तर काय, हे सांगतं; ते गाळलं की 'सारं ठीक आहे' हे पालुपद पोकळ होतं. चारही गा. 'हाउ फर्म अ फाउंडेशन'ची (८५) तीन कडवी स्वरलिपीत आणि बाकीची खाली छापलेली आहेत. ती घेणार असाल तर आधी सांगा, नाहीतर निम्मी मंडळी चौथ्याला गप्प होते.

'इफ यू कुड हाय टू कोलोब' (२८४) एका चिठ्ठीवर आवडतं असतं, तर दुसरीवर नावडतं. कोलोब हा मॉर्मन धर्मग्रंथांपैकी अब्राहामाच्या ग्रंथातला, देवाच्या सिंहासनाजवळचा तारा. शब्द डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स यांचे, चाल रॅल्फ वॉन विल्यम्स यांनी बांधलेल्या इंग्लिश लोकधुनेची. पाच कडव्यांत ही धून ओढली की शोकगीत होते. पुढे वाहती ठेवली तर मागच्या बाकांवरची मुलंही गातात.

प्रभुभोजनाचं गीत निवडताना प्रयोग नकोत. १६९ ते १९६ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. २८ गीतं आणि ४८ सभा, म्हणजे प्रत्येक गीत वर्षात दोनदाही यायला नको. गीत चालू असताना याजक भाकरी मोडत असतात, म्हणून वादकाने मेजाकडे लक्ष ठेवायचं. कडवी संपली आणि भाकरी उरली तर हलक्या आवाजात धून चालू ठेवा. भाकर आणि पाणी वाटताना मात्र काहीही वाजवायचं नाही.

'लीड, काइंडली लाइट' (९७) आपल्या वाचकांना गांधीजींचं आवडतं म्हणून माहीत आहे. ते इथे शेवटच्या गीताच्या जागी उत्तम बसतं, पण त्यातल्या लांब ओळींना श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवा.

आवडत्यांची काळजी वेगळी. 'द स्पिरिट ऑफ गॉड' (२) ओहायोतल्या कर्टलंडच्या मंदिराच्या समर्पणाला, २७ मार्च १८३६ रोजी गायलं गेलं. ते दर महिन्याला वाजलं की त्याचा सण उरत नाही. वर्षातून तीनदा पुरे. 'कम, दाउ फाउंट' १९८५च्या पुस्तकातून वगळलं गेलं होतं, तरी लोकांच्या मनातून गेलं नाही, आणि २०२४च्या नव्या संचात १००१ क्रमांकाने परत आलं. नव्या संचातलं अनोळखी गीत आणताना तीन रविवार ते सभेआधीच्या वादनात ऐकवा, चौथ्या रविवारी गायकवृंदाकडून गाऊन घ्या, मगच मंडळीला द्या.

पट्टी उंच वाटत असेल आणि ऑर्गन इलेक्ट्रॉनिक असेल, तर ट्रान्सपोझरने (पट्टी बदलणाऱ्या बटणाने) एक-दोन अर्धस्वर खाली उतरवा. गीत संपताच बटण शून्यावर आणा. ते राहून गेलं तर पुढचं गीतही खालीच वाजतं, आणि खर्जातल्या आवाजांना तळच लागत नाही.