घरपोच किराणा परवडतो का? पैसे गळतात ते या चुकांमुळे

घरपोच किराण्यासाठी वेगळे पैसे मोजावेत का, यावर घरात वाद झाला की सगळ्यांचं बोट बिलातल्या एकाच ओळीवर पडतं: डिलिव्हरी चार्ज. माझ्या मते बिलातली ती सगळ्यात प्रामाणिक ओळ. दिसते तरी! महिन्याचं सामान भरताना दहा किलो तांदूळ, पाच किलो गहू, तेलाचा पाच लिटरचा कॅन आणि साबण-पावडर बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर येत असेल, तर त्याचे चाळीस-पन्नास रुपये मला जड जात नाहीत. ठाणे-डोंबिवलीकडे रिक्षाचं किमान भाडंच फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. जाऊन-येऊन ५२ झाले, आणि जिना चढताना पिशव्या आपल्याच हातात. पैसे गळतात ते भलतीकडे.

आठवलं की मागवलं

सगळ्यात महागडी सवय हीच. सकाळी ब्रेड, दुपारी दही, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून फरसाण. दर वेळी आकार नव्याने लागतो. समजा, १४० रुपयांचा माल मागवला. डिलिव्हरीचे ३०, हँडलिंगचे १०, ऑर्डर छोटी म्हणून २०. या ६० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० रुपये ८० पैसे. (स्थानिक डिलिव्हरीच्या आकारालाही २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर लागू झाला आहे.) १४० च्या मालाचे २१० रुपये ८० पैसे झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त वरखर्च. तेच महिन्याचं साडेतीन हजारांचं सामान एकदाच मागवून ५० रुपये दिले, तर बोजा दीड टक्क्याच्याही आत राहतो. आकडे अ‍ॅपनुसार बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. म्हणून मी शुल्क रुपयांत मोजत नाही, मालाच्या किमतीच्या टक्क्यांत मोजते.

उपाय साधा आहे, पण घरच्यांना तो पटवणं अवघड. फ्रिजवर कागद लावायचा, संपत आलेली वस्तू त्यावर लिहायची आणि आठवड्यात ठरलेल्या एकाच दिवशी ऑर्डर द्यायची. फोनमध्ये अ‍ॅप एकाच्याच हाती ठेवलं तर फारच उत्तम. घरातल्या तिघांच्या फोनवर तीन अ‍ॅप असली की एकाच दिवशी दुधाच्या दोन-दोन पिशव्या येतात, हे पुष्कळ घरांत घडतं.

'आणखी ६१ रुपयांचा माल घ्या, डिलिव्हरी मोफत'

तीस रुपये वाचवायला साठ रुपयांची चॉकलेटं घेणं ही बचत नव्हे. ती वस्तू येत्या पंधरवड्यात लागणारच असेल, मीठ, काडेपेटी, भांडी घासायचा साबण अशी, तरच भर घाला. नाहीतर मुकाट्याने डिलिव्हरीचे पैसे द्या, ते स्वस्त पडतं.

वर्षाच्या सभासदत्वाचंही तसंच. आकार वाचतो म्हणून घेतलेल्या पासमुळे ऑर्डरींची संख्या वाढते, आणि प्रत्येक ऑर्डरीत एखादी नको असलेली वस्तू शिरते. शिवाय पास असला तरी हँडलिंगचा किंवा पावसातला जादा आकार माफ होतोच असं नाही, अटी वाचा. मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाऊ नयेत म्हणून यूपीआय अ‍ॅपमधल्या 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या भागात जाऊन परवानगी बंद करता येते.

पाकिटाची किंमत पाहिली, वजन नाही

अ‍ॅपवर फोटो सारखाच दिसतो, पण एक पाकीट ५०० ग्रॅमचं आणि दुसरं ४८० ग्रॅमचं असतं. ४८० ग्रॅमला ९६ रुपये म्हणजे किलोला २००. ५०० ग्रॅमला ९८ म्हणजे किलोला १९६. वरवर स्वस्त दिसणारं पाकीट महाग निघालं. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो. अ‍ॅपवरही तो पुष्कळदा बारीक अक्षरांत दिसतो. तोच पाहायचा. सवलतीची टक्केवारी एमआरपीवरून काढलेली असते. एमआरपीला तर बाजारात पुष्कळ ठिकाणी कोणी विकतच नाही, त्यामुळे '३० टक्के सूट' वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

वाण्याला विचारलंच नाही

घरपोच सामान ही काही अ‍ॅपवाल्यांनी काढलेली सोय नाही. कोपऱ्यावरचा वाणी यादी घेऊन संध्याकाळी पोऱ्याकरवी सामान पाठवायचा, वहीत मांडायचा आणि पगार झाल्यावर पैसे घ्यायचा. आजही पुष्कळ दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेतात आणि थोड्याशा खरेदीवरही पोचवण्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. मला आश्चर्य वाटतं ते याचं, की तीन अ‍ॅपचे दर पडताळून पाहणारी माणसं खालच्या दुकानात एकदा फोन करत नाहीत.

धान्याच्या बाबतीत तर वाण्याला तोड नाही. कोलम जुना की नवा, हे तो सांगतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, आणि अ‍ॅपवरच्या फोटोत ते कळायला मार्ग नाही. इंद्रायणी घ्यायचा असेल तर पोत्यातला मूठभर तांदूळ हातात घेऊन वास पाहता येतो. आणखी एक हिशेबाची गोष्ट: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून सुटं तोलून घेतलं तर तो नाही. गहू घेऊन गिरणीतून दळून आणणाऱ्यांनी पिठाच्या पाकिटाशी दर ताडून बघावा.

मात्र वाणी म्हणजे देव नव्हे. साबण, शांपू, चहा, बिस्किटं यांवर तो बहुधा छापील किंमतच लावतो आणि सांगितलेला ब्रँड नसला तर हाताला येईल तो पाठवतो. म्हणून धान्य-डाळी-गूळ त्याच्याकडून, आणि पॅकबंद सामान महिन्यातून एकदा मोठ्या ऑर्डरीत, ही विभागणी मला सगळ्यात सोयीची वाटते. डी-मार्टसारख्या दुकानात स्वतः जाणं दरात स्वस्त पडतं, पण रविवारची रांग आणि यादीबाहेरची खरेदी हिशेबात धरा.

भाजीबद्दल थोडक्यात: कांदे-बटाटे, लसूण, नारळ मागवा, पालेभाजी, टोमॅटो, केळी मंडईतूनच निवडून घ्या.

बिलाची शेवटची ओळ न वाचता पैसे भरले

'पैसे भरा' दाबण्याआधी बिल पूर्ण उघडा. टिप, देणगी, एखादी बारीकशी वस्तू आधीच खूण करून घातलेली नाही ना, ते पाहा. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पडद्यावर आकार वाढवणं, हे प्रकार केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई असलेल्या १३ फसव्या पद्धतींत मोडतात. डिलिव्हरीचा आकार वेगळा लावणं बेकायदा नाही, तो लपवणं चूक आहे. असं काही दिसलं तर पडद्याचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पिशवी घेतली, दार लावलं

माल आल्यावर दोन मिनिटं द्या. आधी नग मोजा, मग तारखा पाहा. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं आहे. माल जिथून येतो त्या 'डार्क स्टोअर'मध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेल्या गोदामात, आपण डोकावू शकत नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशाच एका गोदामाचा परवाना अस्वच्छता आणि मुदतबाह्य मालामुळे निलंबित केला होता. तेव्हा पनीर, दही, ब्रेड, अंडी लगेच तपासा. डाळ-पिठाची पाकिटं नंतर पाहिली तरी चालतील.

काही कमी आलं, फुटलं किंवा खराब निघालं तर पिशवी, पाकीट आणि तारीख एका फोटोत घ्या आणि तक्रार त्याच ऑर्डरीखाली अ‍ॅपमधूनच नोंदवा, शक्यतो त्याच दिवशी. परतावा कुठे हवा हे विचारलं तर 'मूळ खात्यात' निवडा. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये जमा झाले तर ते खर्च करायला पुन्हा ऑर्डरच द्यावी लागते.

आणि एक चूक अशी, की तिच्यापुढे डिलिव्हरीचे तीस रुपये काहीच नाहीत. परतावा येईना म्हणून गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायचा आणि जो पहिला दिसेल त्याला फोन लावायचा. तिथे ठगांनी टाकलेले नंबर सर्रास असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून एखादं अ‍ॅप उतरवायला लावतो, ओटीपी मागतो किंवा 'पैसे मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. घरातल्या वयस्कर मंडळींना हे आवर्जून सांगून ठेवा. आणि खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही लगेच कळवा.