क्रूझच्या डायनिंग रूममधला पोशाख : खानदेशातून निघताना या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडचे कुटुंब क्रूझला निघते तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, डॉलर आणि वाटेत तोंडात टाकायला शेव-चिवडा यांची तयारी महिनाभर आधीपासून चालते. रात्री जहाजावर जेवायला जाताना अंगावर काय असावे हा प्रश्न मात्र बॅगेची चेन लावताना आठवतो. मग कोणी घाईघाईने नवा सूट शिवून घेतो आणि तो एकदाही न घालता परत आणतो, तर कोणी चार टी-शर्ट आणि बर्मुड्यांवर निघतो व दुसऱ्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या दारात अडतो. हे दोन्ही प्रकार टाळता येतात, कारण नियम मुळात थोडे आहेत आणि आपल्या कपाटात आधीच असलेल्या कपड्यांत ते बहुतेक बसतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. पोशाखाचा नियम संपूर्ण जहाजाला सारखा लागू नसतो. जहाजावर एक मोठी डायनिंग रूम असते, जिथे टेबल ठरलेले असते, वेटर वाढतो आणि जेवण एकामागून एक येते. आणि दुसरीकडे वरच्या मजल्यावर बफे असतो, जिथे ताट स्वतः भरून घ्यायचे असते. रात्रीच्या पोशाखाचा आग्रह असतो तो मुख्यतः डायनिंग रूममध्ये, आणि जास्तीचे पैसे घेणाऱ्या खास रेस्टॉरंटमध्ये. बफेत ओल्या पोहण्याच्या कपड्यांत किंवा अनवाणी जाऊ नये, एवढे सांभाळले की बहुतेक जहाजांवर काम भागते. त्याच डायनिंग रूममध्ये सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला साधारणपणे हाफ पँट चालते, ती रात्री चालेलच असे नाही. सकाळी कोणी काही बोलले नाही म्हणून रात्रीही त्याच कपड्यांत जाणे ही फार नेहमीची चूक आहे.

सगळ्या कंपन्यांचा नियम एकच समजणे

आपल्याकडे ग्रुप टूरने जाणाऱ्यांना सूचनांचा एक छापील कागद मिळतो आणि त्यात 'एक फॉर्मल ड्रेस सोबत ठेवावा' असे एक वाक्य असते. तो कागद अनेकदा कोणत्याही जहाजाला चालेल असा लिहिलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबून खरेदी करणे इष्ट नाही. कंपनीगणिक फरक मोठा आहे. ब्रिटिश परंपरेच्या क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि ठरलेल्या 'गाला' संध्याकाळी पुरुषांकडून टक्सिडो, डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय, तर स्त्रियांकडून समारंभाला शोभेल असा पोशाख अपेक्षित असतो. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर सक्तीची फॉर्मल रात्र, म्हणजे समारंभी पोशाखातच जेवायला यायची रात्र, नसतेच. कार्निव्हलमध्ये रोजच्या रात्रीसाठी 'क्रूझ कॅज्युअल' आणि खास रात्रीसाठी 'क्रूझ एलिगंट' असे दोन प्रकार आहेत. दोन ते पाच दिवसांच्या सफरीत अशी एक रात्र येते आणि सहा किंवा अधिक दिवसांच्या सफरीत दोन. सिंगापूरहून तीन-चार रात्रींसाठी रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर जाणाऱ्यांनीही साधारण एकच फॉर्मल रात्र धरून चालावे. हा हिशेब डोक्यात असला, तर चार रात्रींसाठी चार कोट नेण्याचे कारण उरत नाही.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या जहाजाचा विचार वेगळा करावा. कॉर्डेलिया क्रूझेसने २०२१ साली ज्या 'एम्प्रेस' जहाजावर सेवा सुरू केली, ते जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचे होते. परंतु जहाज तेच म्हणून जुन्या मालकाचे नियम इंटरनेटवर शोधून त्यांबरहुकूम बॅग भरणे व्यर्थ आहे. प्रवासी बहुतेक भारतीय, त्यात लहान मुले आणि आजी-आजोबा असलेली कुटुंबे फार, त्यामुळे तिथे कुर्ता-पायजमा, पंजाबी ड्रेस आणि साडी हाच मुळी रुळलेला पोशाख आहे. कोणतीही सफर असो, तिकीट हातात आल्यावर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचे पोशाखाचे पान स्वतः वाचावे, किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ते वाचून दाखवायला सांगावे. त्यात दोन गोष्टी शोधायच्या : खास रात्री किती आहेत, आणि 'हे चालणार नाही' या यादीत काय दिले आहे. दुसरी यादी अधिक उपयोगाची, कारण दारातला माणूस तीच पाहतो.

फॉर्मल म्हणजे सूट आणि टायच, असे धरून चालणे

या एका समजापायी सर्वाधिक पैसा वाया जातो. साडी ही जगातल्या कोणत्याही क्रूझच्या सर्वांत कडक रात्रीला पूर्णपणे मान्य असलेला पोशाख आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. क्युनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा गाला संध्याकाळी राष्ट्रीय पारंपरिक पोशाख स्वीकारते. तेव्हा लग्नसराईत घेतलेला बंदगळ्याचा कोट, म्हणजे आपण ज्याला जोधपुरी म्हणतो तो, गडद पँट आणि बूट एवढ्यावर पुरुषांची फॉर्मल रात्र निभावते. शेरवानी चालते; मात्र जरीकाम आणि खडे यांनी भरलेली नवरदेवाची शेरवानी नको, कारण त्या कॉलरने सूप पिताना मान वळत नाही, शिवाय शेजारच्या टेबलावरचे लोक फोटो काढायला येतात. रेशमी किंवा जाड सुती कुर्ता आणि त्यावर नेहरू जाकीट हाही उत्तम पर्याय आहे, फक्त खाली चुरगळलेला पायजमा नसावा.

सफारीबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या अनेक व्यापाऱ्यांच्या आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या मते सफारी हा सूटच आहे, आणि गावातल्या समारंभात तो शोभतोही. डायनिंग रूमच्या साध्या रात्री तो निःसंकोच घालावा. परंतु अर्ध्या बाह्यांचा सफारी टायची अपेक्षा असलेल्या रात्री अपुरा पडतो, आणि अशा वेळी वेटरशी वाद घालण्यापेक्षा बंदगळा बरा.

घरातले आबा किंवा नाना धोतर, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी याच वेशात असतील, तर त्यांना उतारवयात पँट घालायला लावू नये. जेवताना टोपी काढावी असा जो संकेत किंवा नियम दिसतो, त्याचा रोख बेसबॉलच्या कॅपवर असतो. स्वच्छ, इस्त्रीचे धोतर आणि खादीची टोपी हा पारंपरिक पोशाख आहे, हे पहिल्याच दिवशी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला भेटून नम्रपणे सांगून ठेवावे म्हणजे ऐन दारात समजावत बसावे लागत नाही. आजींच्या नऊवारीचेही तसेच. तिथे अडचण नियमांची नसते, चालण्याची असते : जहाज हलते, जिन्यांना गालिचा असतो आणि ओचा पायात येतो, म्हणून लिफ्टने जावे.

पैठणी न्यावी का, असे विचारले जाते. नेण्यास हरकत काही नाही, पण खरी, भारी पैठणी समुद्रप्रवासात सांभाळणे कठीण आणि टेबलावर सॉस सांडला तर प्रवासाचा आनंदच जातो. हलकी सिल्कची किंवा नक्षीची काठाची साडी, जी घडीवर मोडत नाही, ती अधिक शहाणपणाची. दागिन्यांबाबत जळगावकरांना सांगणे म्हणजे धाडसच. तरीही केबिनमधली तिजोरी लहान असते, एवढे ध्यानात ठेवून एक मंगळसूत्र आणि कानातले यांवर भागवावे.

कपडे आहेत, पण हाताशी नाहीत

पहिल्या दिवशी बंदरावर मोठ्या बॅगा हमालांच्या स्वाधीन होतात आणि केबिनच्या दाराशी त्या काही तासांनी येतात. कधी तर संध्याकाळच्या पहिल्या पंगतीची वेळ होऊन जाते तरी बॅग आलेली नसते. रात्रीच्या गाडीने भुसावळहून मुंबई, तिथून विमान आणि मग बंदर, असा प्रवास करून आलेला माणूस त्याच मळक्या टी-शर्टात जेवायला बसतो, किंवा लाजेने केबिनमध्येच थांबतो. उपाय सोपा आहे. खांद्यावरच्या लहान बॅगेत एक पूर्ण बाह्यांचा किंवा कॉलरचा शर्ट, एक पँट, वहिनींसाठी एक पंजाबी ड्रेस आणि औषधे ठेवावीत. पहिली रात्र फॉर्मल नसतेच, कारण सामान उशिरा पोहोचते हे कंपनीलाही ठाऊक असते.

फॉर्मल रात्र बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी येते. बंदराच्या दिवशी लोक फिरून उशिरा, घामेजलेले परततात, त्यांना तासाभरात नटून बसायला लावणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे सफरीच्या वेळापत्रकात समुद्रातला दिवस कोणता हे पाहिले की खास रात्रीचा अंदाज बांधता येतो. खात्री मात्र केबिनमध्ये मिळणाऱ्या दैनिक पत्रकावरून किंवा कंपनीच्या ॲपवरून करून घ्यावी. संध्याकाळच्या पोशाखाची ओळ त्यात असते.

इस्त्रीची बाब वेगळीच आहे. घरून प्रवासी इस्त्री किंवा वाफेचा स्टीमर नेण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण आगीच्या धोक्यामुळे या वस्तू बहुतेक जहाजांवर बंदी असलेल्या यादीत आहेत. तपासणीत सापडल्या तर काढून घेतल्या जातात आणि सफर संपल्यावर परत मिळतात. कार्निव्हल, प्रिन्सेस आणि क्युनार्डच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते व तिथे इस्त्री मिळते. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही, तिथे पैसे देऊन कपडे इस्त्रीला द्यावे लागतात. खास रात्रीच्या दिवशी दुपारी धुलाईच्या खोलीत रांग लागते, म्हणून ते काम आदल्या दिवशी उरकावे. काहीच जमले नाही तर बाथरूममध्ये कोट हँगरला लावावा, गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटे चालू ठेवावा, दार लावून घ्यावे आणि नंतर हाताने बाह्या खाली ओढाव्यात. सुती कुर्त्यावर याचा परिणाम कमी, लोकरी कोटावर चांगला होतो. केबिनच्या भिंती सहसा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे दोन-चार हुक सोबत असले तर बंदगळा आणि साडी भिंतीवर टांगून ठेवता येते. साडी जुन्या धोतराच्या मऊ कापडात गुंडाळून नेली तर घड्या तशाच राहतात, आणि परकर, मॅचिंग ब्लाऊज व सेफ्टी पिना त्याच गुंडाळीत ठेवाव्यात, कारण जहाजावरच्या दुकानात सुगंधी तेल मिळेल, परकर मिळणार नाही.

थंडीचा विचार न करणे

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, म्हणून तिथून निघालेला माणूस साहजिकच पातळ, बिनबाह्यांचे कपडे भरतो. डायनिंग रूमचे वातानुकूलन मात्र फार कडक असते आणि जेवण दीड तास चालते. आमच्याकडच्या एखाद्या आजी सूप यायच्या आधीच अहिराणीत म्हणतात, "आठे ते भलती थंडी वाजी राहिनी," आणि मग टेबलावरचा पांढरा नॅपकिन खांद्यावर घेतात. एक सुती शाल किंवा स्टोल हाताशी असावी. पुरुषांना कोट असतोच. बिनबाह्यांच्या बनियनसारख्या शर्टात पुरुषांना बहुतेक कंपन्या रात्रीच्या जेवणाला आत घेत नाहीत, तेव्हा उकाड्याचे कपडे डेकवरच ठेवावेत.

पादत्राणांबाबत थोडक्यात. रबरी स्लीपर रात्री नको. चांगल्या चामड्याची कोल्हापुरी साध्या रात्री चालून जाते, फॉर्मल रात्री पुरुषांनी बूट घालावेत. स्त्रियांनी उंच टाचा टाळाव्यात, कारण समुद्र खवळला की सपाट चप्पल घातलेली व्यक्तीच टेबलापर्यंत सरळ पोहोचते.

दारात अडवले तर

वाद घालू नये आणि 'आम्ही पैसे भरले आहेत' हे वाक्य उच्चारू नये. वेटर नियम बनवत नाही. हाफ पँट असेल तर केबिनमध्ये जाऊन पूर्ण पँट घालून यावे, टेबल तेवढ्यात जात नाही. कोट नसेल तर विचारावे : काही जहाजांवर तो उसना किंवा भाड्याने मिळतो. तेही नको असेल तर बफेत जावे. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' या जहाजावरही गाला संध्याकाळी किंग्ज कोर्ट बफे आणि गोल्डन लायन पब येथे साध्या पोशाखात जेवता येते. लहान मुलांच्या बाबतीत कर्मचारी बरेच सौम्य असतात, स्वच्छ टी-शर्ट आणि पँट पुरेशी होते.

शेवटच्या रात्रीची एक चूक मात्र सफर संपतानाच कळते. मोठ्या बॅगा त्या रात्री साधारण दहा-अकराच्या सुमारास केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट सकाळी बंदरावर मिळतात. जेवून आल्यावर उत्साहाने सगळे कपडे आत कोंबले की सकाळी उतरताना अंगावर फक्त झोपायचा पायजमा किंवा गाऊन उरतो. म्हणून बॅग बंद करण्यापूर्वी सकाळची पँट, शर्ट, साडी आणि बूट पलंगाच्या कडेला बाजूला काढून ठेवावेत, आणि पासपोर्ट कोटाच्या खिशात राहिला नाही ना, हे पाहूनच तो कोट आत ठेवावा.